गैरहजेरी जिथे कळते

पेठेतला मनोरा

पुण्याच्या गुरुवार पेठेत, जुने वाडे, चाळी आणि अलीकडच्या सिमेंटच्या इमारती यांच्या दाटीतून वाट काढीत चालले असता, एखाद्या वळणावर जो उंच मनोरा अकस्मात दृष्टीस पडतो, तो अँग्लिकन परंपरेतल्या पवित्र नाम देवालयाचा होय. शंभर फुटांहूनही उंच असलेल्या या मनोऱ्यात आठ घंटा टांगलेल्या आहेत. मूळ देवालय १८८५ सालचे. आसपासच्या वस्तीत मात्र हे अधिकृत नाव फारसे कोणाच्या तोंडी नाही. तिथे सर्वांच्या लेखी हे पंचहौद चर्च. या नावाशी मराठी वाचकाचा परिचय एका जुन्या ग्रामण्याच्या हकिकतीपुरताच असतो, आणि त्या हकिकतीतली माणसे चहा पिऊन ज्या क्षणी बाहेर पडतात, त्या क्षणी आपलेही लक्ष त्यांच्यामागोमाग बाहेर पडते. आत जी माणसे राहिली, त्यांचे पुढे काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही.

या अंकाच्या संपादकांनी यंदा ‘शेजार’ हा विषय सुचविला, तेव्हा मला नेमका हाच राहून गेलेला प्रश्न आठवला. शेजारधर्म आपण बहुधा माणसाच्या स्वभावावर सोपवितो. ज्याचा जीव कळवळतो तो धावून जातो, ज्याचा कळवळत नाही तो दार लावून घेतो. परंतु एखाद्या समाजाने तो धर्म नियमाने, पाळीपाळीने आणि शतकाहून अधिक काळाच्या वहिवाटीने चालविला, तर त्याचे रूप कसे असते, हे पाहावे म्हणून मी पंचहौदच्या फाटकातून आत गेलो, पाठच्या बाकावर बसलो, उपासनेनंतर अंगणात रेंगाळलो, आणि कारभार पाहणाऱ्या माणसांशी बोललो.

इंग्लंडात ‘पॅरिश’ म्हणजे मुळात एक हद्द. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस, तो देवळात येवो वा न येवो, तिथल्या धर्मगुरूच्या जबाबदारीत मोडतो, अशी ती जुनी कल्पना. हिंदुस्थानात गावेच्या गावे ख्रिस्ती नसल्यामुळे या हद्दीचा अर्थ पालटला. जमिनीवरची रेघ पुसली गेली आणि तिच्या जागी माणसांची यादी आली. मराठी ख्रिस्ती माणूस तिला ‘मंडळी’ म्हणतो. कुटुंब हडपसरला राहावयास गेले, पिंपरीला गेले, तरी ते मंडळीत असते. आणि यादीत नाव आहे तोवर त्या नावाची चौकशी करणे हे कोणाचे तरी काम असते.

रविवारची सकाळ

उपासना सुरू होण्यापूर्वीची घटका मला सर्वांत बोलकी वाटली. दाराशी उभी असलेली दोन माणसे येणाऱ्याच्या हाती गीतांचे पुस्तक देतात, हात जोडून अभिवादन करतात, आणि त्याच वेळी त्यांची नजर नकळत एक मोजणी करीत असते. वर्षानुवर्षे ठरलेल्या जागी बसणाऱ्या माणसांची जागा रिकामी राहिली, की पहिले गीत संपण्याच्या आत ती कोणाच्या तरी लक्षात आलेली असते. अमुक आजी दिसल्या नाहीत, त्यांचे गुडघे पुन्हा धरले काय. तमुक काका दोन रविवार आले नाहीत, मुलाकडे गेले की आजारी पडले, हा विचार मनात येणे आणि उपासना संपताच त्या दिशेने कोणी तरी निघणे, यांत अंतर पडत नाही.

उपासनेचा क्रम शतकांच्या वापराने घासून गुळगुळीत झालेला आहे. इंग्लंडच्या चर्चचे प्रार्थनापुस्तक पहिल्यांदा १५४९ मध्ये निघाले आणि १६६२ मध्ये स्थिर झाले. त्याचा साचा पुढे मराठीत आला आणि आज चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त चर्चच्या विधीतही तो ओळखू येतो. पापांगीकार, क्षमावचन, शास्त्रपाठ, उपदेश, मतांगीकार, मध्यस्थीच्या प्रार्थना, अर्पण, प्रभुभोजन आणि आशीर्वाद, हे सर्व एकामागून एक अशा सवयीने येते, की लहान मुलाच्याही ओठांवर प्रतिसादाचे शब्द आपोआप उमटतात. पाळक एक वाक्य म्हणतात आणि मंडळी दुसरे म्हणते. एकट्याने पूर्ण करता येईल अशी ही उपासनाच नव्हे.

त्यातही मध्यस्थीच्या प्रार्थनेपाशी मी थबकलो. जगाच्या शांतीसाठी आणि देशाच्या कारभाऱ्यांसाठी प्रार्थना झाल्यावर आजाऱ्यांची नावे येतात. कोण इस्पितळात आहे, कोणाची शस्त्रक्रिया आहे, कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोण नोकरीच्या शोधात आहे, हे साऱ्या समुदायासमोर, परंतु परमेश्वराला उद्देशून बोलले जाते. या रचनेत फार मोठे शहाणपण आहे. तीच बातमी अंगणात सांगितली तर तिची कुजबुज झाली असती. प्रार्थनेत सांगितल्यामुळे ऐकणाऱ्यावर तिचे दायित्व येते. शेवटी सूचनांच्या वेळी त्या आठवड्यात वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असणारी माणसे पुढे येऊन उभी राहतात आणि त्यांच्यासाठीही प्रार्थना होते. दुःखाची नोंद होते त्याच दप्तरात सुखाचीही नोंद होते.

गायन हा या मंडळीचा प्राण आहे. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात विलायती चालींवर बसविलेली भाषांतरे आहेत, तशीच ओवी, अभंग आणि पदे यांच्या अंगाने जाणारी अस्सल मराठी रचनाही आहे, आणि तिच्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांचा वाटा फार मोठा आहे. टिळक अहमदनगरच्या अमेरिकन मिशनशी संबद्ध होते, म्हणजे अँग्लिकन नव्हते. पण त्यांची पदे चर्चचर्चमधल्या भिंती कधीच ओलांडून गेली. पद सुरू झाले की वृद्धांचे डोळे मिटतात आणि पुस्तके मांडीवरच राहतात.

दप्तर आणि दाखले

देवालयाचे कार्यालय म्हणजे एक कपाट, एक मेज आणि जाड बांधणीच्या वह्या. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलने इंग्लंडातल्या प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम केला. त्या हुकमाची सावली गुरुवार पेठेपर्यंत पोहोचली आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, आईबापांची नावे, जन्मतारीख, राहण्याचे ठिकाण, धर्ममातापित्यांची नावे आणि विधी करणाऱ्याची सही असते. धर्ममातापिता ही नुसती शोभेची योजना नाही. मुलाच्या धार्मिक संगोपनाची हमी रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसांनी चारचौघांत घ्यावयाची, असा तिचा अर्थ आहे.

विवाहाच्या बाबतीत धर्म आणि सरकार एकाच मेजावर येतात. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम १८७२ सालचा. त्याप्रमाणे विवाह सामान्यतः सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच लावावा लागतो, वहीवर वधूवर व साक्षीदार यांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि नोंदींच्या नकला ठरल्या मुदतीत सरकारी निबंधकाकडे रुजू कराव्या लागतात. त्याआधी विवाहाचा पुकारा मंडळीसमोर वाचला जातो आणि कोणाची कायदेशीर हरकत असल्यास कळवावी, असे सांगितले जाते. दोन घरांचा खाजगी करार त्या क्षणी सार्वजनिक होतो. पुढे संसारात काही विपरीत घडले, तर ‘आम्हांस माहीत नव्हते’ असे म्हणण्याची मुभा मंडळीला उरत नाही.

दाखल्यासाठी येणाऱ्यांची कामे परोपरीची असतात. कोणाला पारपत्रासाठी आजोबांची जन्मतारीख हवी असते, कोणाला शाळेसाठी कागद हवा असतो, कोणी परदेशातून आपल्या पूर्वजांचा माग काढीत येतो. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या अशा नोंदींच्या नकला लंडनलाही जात असत आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

नोंदीच्या या प्रकरणाला एक वेदनेची कडही आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या जातींतून आला, त्यांना गावच्या पाणवठ्यावर बरोबरीने उभे राहता येत नव्हते. धर्म पालटला तरी भोवतालच्या समाजाची नजर पालटली नाही. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठरविला, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले, दलित ख्रिस्ती मात्र अद्याप बाहेरच आहेत. ज्याचे नाव सरकारच्या एका यादीतून गळते, त्याला मंडळीच्या वहीतले आपले नाव किती मोलाचे वाटत असेल, हे त्या वह्या पाहताना ध्यानात येते.

समिती, खजिना आणि हंगामाचा सण

बाहेरच्या माणसाला वाटते की चर्च पाळकसाहेब चालवितात. वस्तुस्थिती अशी, की पाळकांची नेमणूक आणि बदली बिशपांच्या हाती असते. ते काही वर्षे राहतात आणि जातात. राहते ती मंडळी, आणि तिचा रोजचा कारभार तिने निवडून दिलेली पास्टोरेट समिती पाहते. पाळक तिचे अध्यक्ष. सेक्रेटरी आणि खजिनदार मात्र तुमच्याआमच्यासारखी नोकरीधंद्याची माणसे. तिच्यावर धर्मप्रांताची परिषद आणि सर्वांवर सिनड, अशी ही चढती उतरंड आहे.

या समितीपुढे येणारे विषय पाहिले म्हणजे धर्मकार्य किती पार्थिव असते हे उमगते. पावसाळ्यापूर्वी छप्पर तपासावयाचे, विजेचे बिल भरावयाचे, प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाची तजवीज करावयाची, रविवारच्या शाळेसाठी शिक्षिका शोधावयाची, वेदीवरच्या फुलांची पाळी लावावयाची. अर्पणाचे पैसे उपासनेनंतर एकाहून अधिक माणसांनी मिळून मोजावयाचे, आकडा वहीत चढवावयाचा आणि त्याखाली सह्या करावयाच्या, हा रिवाज अविश्वासातून आलेला नाही. कोणावरही संशय येण्याचा प्रसंग येऊ नये, या काळजीतून आला आहे. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो तेव्हा वादही होतात आणि ते कधी कधी कडवटही होतात. मालमत्ता आणि निवडणूक या दोन गोष्टींनी देशातल्या अनेक चर्चांत कोर्टकचेऱ्या उभ्या केल्या आहेत, हे इथली माणसे झाकून ठेवीत नाहीत. तरीही वाद घालून झाल्यावर त्याच माणसांना पुढच्या रविवारी एकाच वेदीपाशी गुडघे टेकावे लागतात, आणि ही सक्ती मला अनेक सामाजिक संस्थांच्या घटनांहून अधिक परिणामकारक वाटली.

खजिन्याला आनंदाचे रूप येते ते हंगामाच्या सणात. १८४३ साली कॉर्नवॉलमधल्या मॉरवेन्स्टोच्या रॉबर्ट स्टीफन हॉकर नावाच्या धर्मगुरूने धान्यकापणीनंतर उपकारस्तुतीची उपासना केली आणि तिथून ही प्रथा पसरली, असे सामान्यतः मानले जाते. आपल्याकडे तिने पुरता मराठी वेष घेतला. वेदीपुढे ज्वारीची कणसे, ऊस, भोपळे, केळीचे घड, अंडी, घरच्या पापड-लोणच्यांच्या बरण्या, कोणी शिवलेली गोधडी, असे सारे मांडले जाते. आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव पुकारला जातो. शहरातल्या मंडळीजवळ शेत नसते, म्हणून ती आपल्या हातचे आणते. एकच नारळ कोणी चढ्या भावाने घेतो, लगेच पुन्हा अर्पण करतो, आणि तो पुन्हा लिलावात येतो. इथे वस्तूची किंमत होत नाही, माणसाच्या हौसेची आणि कृतज्ञतेची होते. आणि त्या पैशांतून कोणा मुलाची फी, कोणाचे औषध, देवालयाची डागडुजी निघते.

चहाच्या पेल्यापलीकडे

१८९० मधला तो प्रसंग सर्वश्रुत आहे. पंचहौद मिशनमधल्या कार्यक्रमाला पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी गेली, तिथे चहाबिस्किटे पुढे आली, गोपाळराव जोशी यांनी त्याचा बोभाटा केला, आणि रानडे, लोकमान्य टिळक आदींना बहिष्कार आणि प्रायश्चित्त यांच्या वादाला तोंड द्यावे लागले. एका पेल्याने पुण्याचे धर्मकारण ढवळून निघाले, हे खरे. पण ज्या घरी तो चहा झाला, त्या घरची माणसे कोण होती?

ती होती ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या संन्यस्त संघाची, आणि वाँटेज येथे १८४८ मध्ये निघालेल्या भगिनीसंघाची. या भगिनींनी इथे मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. सेंट हिल्डाज शाळेची परंपरा त्यातलीच. पंडिता रमाबाईंचा पुण्यात त्यांच्याशी परिचय झाला, त्यांच्याच आधाराने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या विचारांवर ज्यांचा प्रभाव पडला ते नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले काशीचे चित्पावन पंडित, याच काउली संघाच्या सहवासात राहिले होते.

पुढे १९२२ मध्ये जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. खादी, भारतीय राहणी आणि भारतीय उपासनापद्धती यांचा त्याने अंगीकार केला. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेलेले वेरियर एल्विन प्रथम भारतात आले ते याच संघात. विन्स्लोंनी ना. वा. टिळकांचे चरित्रही लिहिले. विलायतेहून आलेले चर्च मराठी मातीत कसे मिसळावे, हा प्रश्न तेव्हापासून चालत आला आहे, आणि त्याचे उत्तर ग्रंथांपेक्षा इथल्या पेटी-तबल्यावरच्या भजनांनी आणि नाताळच्या करंज्या-चकल्यांच्या ताटांनी अधिक दिले आहे.

घराघरांतून

मंडळीचा खरा विस्तार देवालयाबाहेर आहे. आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते. चपलांचा ढीग दाराशी, सतरंज्या जमिनीवर, एक पद, एक पाठ, प्रार्थना, आणि मग चहा. ज्याच्या घरी सभा, त्याच्या घरची अवस्था न विचारताही कळते: डबे भरलेले आहेत की नाहीत, म्हाताऱ्या माणसाची देखभाल होते की नाही. स्त्रियांची संघटना या कामाचा कणा आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी येणारा जागतिक प्रार्थना दिन त्या इतर चर्चांच्या बायकांसह साजरा करतात. पण त्यांचे मोठे काम तारखेवाचून चालते. बाळंतिणीकडे डबा, इस्पितळात रात्रीची सोबत, नव्याने विधवा झालेल्या बाईला पहिल्या रविवारी घरून देवालयापर्यंत हाताला धरून आणणे, हे त्यांचे कामाचे क्षेत्र. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे पाळक प्रभुभोजन घेऊन घरी जातात. खाटेपाशी वेदी मांडली जाते.

मृत्यूच्या वेळी या व्यवस्थेची कसोटी लागते. घरात प्राण गेल्यावर थोड्या वेळात समितीची माणसे येतात. पेटी, कबर, दाखला, वाहन, उपासनेची वेळ, बाहेरगावच्या नातलगांना निरोप, ही कामे न सांगता वाटली जातात आणि घरच्यांना रडावयास मोकळीक मिळते. हे कर्तव्य या परंपरेत किती खोल रुजले आहे, याचे उदाहरण नाशिकजवळच्या शरणपूरने दिले आहे. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी वसविलेल्या या ख्रिस्ती वस्तीत गुलामीतून सुटलेली आफ्रिकी मुलेही वाढली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांच्या तुकडीत होता. त्यांचे हृदय तिथेच पुरताना दफनविधी त्यानेच वाचला, आणि पार्थिव समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता. जवळ धर्मगुरू नव्हता, देवालय नव्हते. नाशिकच्या शाळेत जे शिकला होता ते पुरेसे होते.

नागपूरचा दिवस आणि पुढची पिढी

२९ नोव्हेंबर १९७० या दिवशी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन आले, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांचे आधीच झालेले ऐक्य आले, मेथडिस्टांचा एक भाग, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स हेही आले. ज्यांच्यात बिशप होते त्यांनी ते राखले, ज्यांच्यात मंडळीचा शब्द शेवटचा होता त्यांनी तो आग्रह समितीत आणला. बालबाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. हे चर्च अँग्लिकन समुदायाचे सदस्य राहिले आणि त्याचबरोबर इतर परंपरांशीही जोडलेले राहिले. गुरुवार पेठेतल्या माणसाला ही घटना धर्मशास्त्राहून व्यवहारात अधिक जाणवली: दुसऱ्या परंपरेतून आलेले पाळक, लग्नसंबंधांची वाढलेली कक्षा, आणि गीतांचे सामायिक पुस्तक.

आता चिंता निराळ्या आहेत. पेठेतली घरे लहान पडली आणि कुटुंबे उपनगरांत पांगली. रविवारी बस बदलीत येणाऱ्या वृद्धांची दमछाक होते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना मराठी पद गाता येते, वाचता येत नाही. दप्तरी नोंदीबरोबर मोबाइलवरचा समूह आला आहे. आजाराची बातमी क्षणात पोहोचते, पण हात जोडल्याचे चिन्ह पाठविल्याने भेट दिल्याचे समाधानही तितक्याच लवकर मिळते, आणि हा धोका कारभारी माणसांनी ओळखला आहे. शिवाय जिथे गैरहजेरी लक्षात येते तिथे वागणूकही लक्षात येते. तरुणांना ही नजर कधी कधी जाचते, आणि त्यांची तक्रार मला अनाठायी वाटली नाही. काळजी आणि पाळत यांतली सीमा सांभाळणे हे अशा प्रत्येक समाजाचे अवघड काम आहे, आणि ते नियमांनी होत नाही, सौजन्याने होते.

तरीही या भेटींनी माझे एक मत पक्के केले. शेजारधर्म सदिच्छेवर सोडला तर तो सणासुदीपुरता उरतो. तो टिकवावयाचा तर त्याला वही लागते, पाळी लागते, खजिनदार लागतो, आणि अमक्याच्या घरी जाणे हे तमक्याचे काम आहे, असे कोणी तरी ठरवावे लागते. पंचहौदच्या मंडळीने श्रद्धेच्या आधारावर हे साधले. ज्यांची श्रद्धा वेगळी आहे, किंवा नाही, त्यांनाही यातली पद्धत उचलता येण्याजोगी आहे. आपल्या गृहसंस्थांच्या दप्तरात देखभालखर्चाची थकबाकी पैशापैशापर्यंत नोंदलेली असते. कोणत्या घरात माणूस एकटा राहतो आणि तो किती दिवसांत दिसला नाही, याची नोंद कुठेच नसते. ती ठेवण्यास एक वही आणि काही तयार माणसे पुरतात, आणि ती आपण आजपासून ठेवू शकतो.